देवीला आम्ही आफ्रिकेला पाठवलं

त्या डिसेंबरात आमच्या अंजूरच्या गोदामात नाताळ अडकून पडला होता.

गोदाम आमच्या भातशेताच्या जागेवर आहे. बाबांनी ते एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिलंय आणि तो परदेशी सणांचा माल बाहेर पाठवतो. त्या वर्षी तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती, म्हणून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. कंटेनर वेळेवर मिळेनात, आणि शेवटी तिकडच्या गिऱ्हाइकानं कळवलं की सण उलटल्यावर पोचणारा माल आम्हाला नको. झालं. प्लॅस्टिकची झाडं, सोनेरी गोळे, कापडी हरणं आणि टाळी वाजवली की कंबर हलवत गाणारे सांताक्लॉज, हा सगळा ऐवज छतापर्यंत रचलेला राहिला. व्यापारी एकदा येऊन गेला. खोक्यांकडे बघून त्यानं सुस्कारा टाकला, "अब अगले साल" म्हणाला, आणि आईच्या हातात एक झाड आणि गोळ्यांचं एक खोकं ठेवून निघून गेला.

एरवी डिसेंबर म्हणजे आमच्या गल्लीत नुसती धावपळ. ट्रक मागे घेताना "आने दे, आने दे"चा गजर, हॉर्न, शिव्या, धूळ. त्या वर्षी निर्यातीची सगळीच गोदामं गप्प होती. हमाल उन्हाला पाठ देऊन शेंगदाणे सोलत बसायचे. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची आणि त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. माझं सासर जवळच कोनला, शाळा कल्याणला, त्यामुळे महिनाभर जाऊन-येऊन होतेच. शाळेला नाताळची सुट्टी लागली तशी मी माहेरी येऊन राहिले. उशिरा उठायचं, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची, वालाच्या शेंगा निवडायच्या, दुपारी पोटभर झोपायचं. इतकी निवांत सुट्टी मला कधीच मिळाली नव्हती, आणि ती मिळाली कशामुळे, तर जगात कुठेतरी आगडोंब उसळला होता म्हणून. याची लाज वाटायला हवी होती. पण ऊन खरंच फार छान होतं.

आणि त्याच समुद्रातून माझा धाकटा भाऊ जाणार होता.

तो मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये आहे. जहाज युरोपातून, वाटेतली बंदरं घेत, सिंगापूरकडे निघालं होतं. डिसेंबर लागता लागता त्यानं बाबांना आणि मला कळवलं की बाकीचे वळसा घालतायत, पण आमच्या कंपनीनं जवळचा रस्ता धरायचं ठरवलंय. नाताळच्या सुमारास आम्ही तांबड्या समुद्रातून जाऊ. त्या पट्ट्यात जहाजाचा सिग्नल आणि आमचे फोन, सगळं बंद असेल, घाबरू नका. आणि आईला सांगू नका. तिला मी आफ्रिकेच्या बाजूनं जातोय म्हणून सांगितलंय.

आईला बीपी आहे. तेव्हा सांगायचं नाही, हे आमचं लगेच ठरलं. अडचण एकच होती. बाबांना खोटं बोलता येत नाही. जमिनीचा सौदा करायला बसले की पहिल्या चहालाच ते आपला शेवटचा भाव सांगून मोकळे होतात. आईसमोर बातम्या लागल्या असत्या आणि बाबांचा चेहरा तिला दिसला असता, तर शब्दही बोलायची गरज उरली नसती.

म्हणून बाबांनी टीव्हीच घरातून हलवला. एका दुपारी आई भाजीला गेलेली असताना त्यांनी तो भिंतीवरून उतरवला, चादरीत गुंडाळला आणि गोदामात नेऊन हरणांच्या खोक्यांवर ठेवला. आई परत आली तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते. "बिघारला," बाबा म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळचा चहा घेऊन जे गोदामात जायचे, ते जेवायलाच घरी यायचे. मालाची राखण करतोय म्हणाले.

"वॉचमन हाय ना त्याला?" आईनं विचारलं.

"वॉचमनवर पन लक्ष ठेवाय लागतं."

"त्या बावल्यांना कोन चोरतंय?"

बाबा उशी घेऊन निघाले.

मी पहिल्या दिवशी गोदामात डोकावले आणि दारातच थबकले. मधल्या मोकळ्या जागेत बाबा खुर्चीवर, पायाशी उशी. शेजारच्या खुर्चीवर पलीकडच्या घरातले काका. हे काका तरुणपणी खाडीत रेतीची होडी चालवायचे, त्यामुळे पाण्याच्या कुठल्याही विषयात त्यांचा शब्द शेवटचा. समोर टीव्हीवर एक अँकर घसा फोडून सांगत होता की येत्या काही तासांत जग संपू शकतं, तेव्हा पाहत राहा. जमिनीवर काकांनी रांगोळीनं तांबडा समुद्र काढला होता आणि त्याच्या अलीकडे भावाचं जहाज म्हणून एक कापडी हरीण आडवं घातलं होतं. बाबांच्या मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसायचा. तो जरा हलला की वॉचमन उठून हरीण बोटभर पुढे सरकवायचा.

मी भूगोल शिकवते. काकांच्या समुद्राला दोन तोंडं एकाच बाजूला होती, ती मी पायानं पुसून नीट करून दिली. तेवढंच माझं ऐकलं गेलं.

पुढचा सगळा कारभार काकांकडे होता. त्यांचं म्हणणं, समुद्राच्या तोंडाशी चिंचोळी वाट आहे ती भरतीच्या जोरावर पार करायची, आणि भांग असताना, म्हणजे पाणी मंद असताना, अमावस्येचं उधाण यायच्या आत. "पोऱ्याला लिव, कॅप्टनला सांग म्हना, भांग हाय तवर काढ. मंग पानी ओढील."

"काका, ते एवढं मोठं जहाज आहे. त्याला भरती-ओहोटीचं काय?"

"खारी ती खारी."

"ती खाडी नाही, समुद्र आहे. कुठल्या कुठे आहे तो."

"चांद एकच हाय ना?" काका म्हणाले. बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथी भावाला कळवलीसुद्धा. त्यानं उलट अंगठा पाठवला. बाबांना वाटलं, कॅप्टननं मान्य केलं.

एक गोष्ट मात्र फार त्रासाची होती. दमट हवेनं माल खराब झालाय का, हे बघायला वॉचमननं सांताक्लॉजचं एक मोठं खोकं फोडून सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं, सेल घालून. ते टाळीवर चालू व्हायचे, पण त्यांना टाळी आणि अँकर यांतला फरक कळत नव्हता. अँकर "महायुद्ध!" म्हणून ओरडला की अख्खी रांग कंबर हलवत इंग्रजीत गायला लागायची. बाबा आवाज कमी करायला रिमोट शोधायचे, काका "गप रे" म्हणून ओरडायचे, त्यावर ते आणखी जोरात गायचे. एकदा एका जहाजावर खरंच बाँब पडल्याची बातमी आली. भावाचं नव्हतं ते. बाबा तोंडावर हात दाबून नुसते बसले होते आणि समोर वीस-पंचवीस म्हातारे नाचत होते. मी जाऊन एकेकाचे सेल काढले. काढता काढता हसू येत होतं. असं हसू येऊ नये म्हणतात, पण येतं.

घरी मात्र सगळं शांत होतं. टीव्ही नव्हता, त्यामुळे आईला बराच वेळ मिळत होता. मार्गशीर्ष चालू होता. आई महिनाभर घरात मच्छी-मटण येऊ देत नाही आणि दर गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडते. त्या वर्षी तिनं व्यापाऱ्यानं दिलेलं झाड चौरंगाच्या मागे उभं केलं, त्याला झेंडूच्या माळा घातल्या, शेंड्यावर चांदणी लावली. कलशावर नारळ, नारळाला मुखवटा, मुखवट्याला नथ आणि पाठीमागे बर्फाळ देशातलं झाड. मला वाटलं होतं भयंकर दिसेल. दिसत होतं फारच छान. हळदीकुंकवाला आलेल्या बायका देवीच्या आधी झाडाकडे बघायच्या आणि हे कुठल्या नर्सरीत मिळतं म्हणून विचारायच्या.

आईनं माझ्याकडून शाळेचा नकाशा मागवून घेतला होता. आफ्रिकेचा रस्ता तिनं माझ्याकडून समजून घेतला, बोट फिरवून पाठ केला, दुसऱ्या दिवशी न बघता म्हणून दाखवला. माझ्या वर्गात असा एकही विद्यार्थी नाही. मला वाटलं, बरंय, तिला विरंगुळा झाला.

तिसऱ्या गुरुवारी मी आरतीचं ताट घेऊन मागे उभी होते. कहाणी वाचून झाली, आईनं पोथी मिटली, आणि हात जोडून देवीशी बोलायला लागली. नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं.

"माये, आता तो आफ्रिकेच्या अंगाला आला असंल. जमीन डाव्या हाताला ठेव आनि सरल खाली उतर. टोकाशी पानी लय उसलतं म्हनतात. तिथं उभी ऱ्हा. तो टोक वलंस्तवर हलू नको. इकरं आमचं काय न्हाय, आमी बरी हाव. तू तिकरंच ऱ्हा."

मी ताट खाली ठेवलं. आरती झाल्यावर गोदामात जाऊन बाबांना सांगितलं, हसत सांगावं म्हणून सुरुवात केली होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. असं त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच केलं.

"म्हंजे ती तिकरं उभी हाय?"

"कोण?"

"देवी. आफ्रिकेच्या टोकाला."

"बाबा, देवीला सगळं कळतं. पोरगा कुठे आहे ते तिला आपण सांगायला लागत नाही."

"सांगाय लागत न्हाय तर संकल्पात भटजी नाव-गोत्र-गाव कशाला सांगतंय?" काका मध्ये पडले. "अख्खा पत्ता दिल्याबिगर काम व्हत न्हाय. आनि वर 'हलू नको' म्हनून सांगलंय. ती कशाला हलंल?"

वॉचमनला हिंदीत समजावून सांगितल्यावर तोही गंभीर झाला. "पिनकोड गलत है तो पार्सल दूसरे हब में पड़ा रहता है, सेठ."

मी चिडले. तीन पुरुष, त्यातले दोन एरवी देवळाच्या पायरीवर पत्ते खेळणारे, आणि देवीचा पिनकोड शोधतायत! मी तावातावानं बोलले, दार आपटून घरी आले, आणि दुपारी झोप काही लागली नाही. आईनं इतक्या मन लावून एका रिकाम्या समुद्रावर पहारा बसवला होता आणि तो आम्ही तिला दाखवला होता. माझा देवावर फारसा विश्वास नाही. पण चुकीच्या ठिकाणी उभं केलेल्या माणसाबद्दल वाटतं तसं मला त्या देवीबद्दल वाईट वाटत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी मोबाइलवरचा ठिपका नाहीसा झाला. होणारच होता, भावानं सांगितलेलं होतं. तरी मी त्या निळ्या कोऱ्या जागेवर बोटानं पुन्हा पुन्हा टिचकी मारून बघितली. वॉचमन हरणाशेजारी उभा राहून विचारत होता, "अब किधर सरकाऊँ?" आता कोणाला काहीच कळणार नव्हतं. दोन दिवस, तीन दिवस, माहीत नाही. आणि परवाचा गुरुवार शेवटचा, उद्यापनाचा. त्यानंतर देवीला काही सांगायची सोय नव्हती.

नाताळच्या संध्याकाळी बाबांनी पोपटी लावायला घेतली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवून द्यायचा. एरवी आत कोंबडी असते. बिनकोंबडीच्या पोपटीला बाबा कधी हात लावत नाहीत, तेव्हा त्यांनी आपण होऊन ती लावली हे बघूनच आईनं ओळखायला हवं होतं. गार वारा सुटला होता. काका होते, मी होते. आईच्या बीपीची गोळी मी पदराला बांधून घेतली होती.

मडकं फुटलं, शेंगा बाहेर आल्या, आईनं सगळ्यांना वाटल्या. बाबांनी शेंग हातातच धरली.

"पोऱ्याच्या जहाजाचा रस्ता जरासा बदललाय."

"कवरा?"

"जरासा."

"कवा बदलला?"

बाबांनी काकांकडे बघितलं. काका मडक्याच्या खापरांकडे बघत होते.

"पयल्यापासून," बाबा म्हणाले.

मग त्यांनी काडी घेऊन राखेत समुद्र काढला आणि सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. चिंचोळी वाट सांगितली, कुठून काय उडतं ते सांगितलं, क्षेपणास्त्रांचे प्रकार सांगितले, कोणत्या अँकरचं काय म्हणणं आहे तेही सांगितलं. मी "बाबा, पुरे" म्हणत होते. आई राखेकडे बघत होती. विस्तवाच्या उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मी पदराची गाठ सोडली.

"मंग मी तीन गुरवार कोनाला राखत व्हते?" आईनं विचारलं.

काका हळूच म्हणाले, "तिकरची जहाजं असतील त्यांना."

आणि आई भडकली. असली भडकली की शेजारच्या गोदामातले हमाल उठून कुंपणाशी आले. मना काय येडी समजलाव, म्हणाली. माझ्या पोऱ्याच्या जिवावर येतंय आनि तुमी मना बर्फातलं झार देऊन बसवलंव. देवीला तोंड कसं दाखवू, ती बिचारी तिकरं थंडीत उभी. बाबांना बोलली, काकांना बोलली, मला तर तीनदा बोलली, कारण नकाशा माझा होता. शेंगा गार झाल्या. गोळी माझ्या मुठीत विरघळायला लागली.

मग ती दमली. खाली बसली, एक शेंग घेतली, सोलली, दाणे हातात धरून बसली.

"तिकरून जानारी पन कोनाची तरी पोरंच असतील," ती म्हणाली. आणि दाणे तोंडात टाकून, "टीवी घरात आना."

मला तेव्हा रडू आलं. धूर होताच, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

शेवटच्या गुरुवारी आमच्याकडे जे उद्यापन झालं, तसं अंजूरात आधी कधी झालं नसेल. चौरंगाच्या शेजारी टीव्ही. आई एका हातात फूल आणि एका हातात रिमोट घेऊन बसलेली. कहाणी चालू असताना आवाज बंद, नकाशा आला की चालू. कहाणी संपली तशी तिनं देवीला नवा रस्ता सांगितला. "माये, आदी सांगलेलं सोर. आमची चुकी झाली. आफ्रिकेवरून निघ आनि वर ये. लांब हाय, दमशील, पन ये." मग फुलानं टीव्हीवरची चिंचोळी जागा दाखवली. "ही बघ. हितं." जाहिरात लागली तशी ती थांबली आणि नकाशा परत येईपर्यंत फूल तसंच उचलून धरून बसली. बाबा आरतीचं ताट घेऊन उभे होते. त्यांना आरती येत नाही, ते नुसते ओठ हलवत होते.

संध्याकाळी सात सवाष्णी आल्या. प्रत्येकीला हळदीकुंकू, केळं, पोथी आणि एक सोनेरी गोळा. गोळ्याचं काय करायचं हे कोणी विचारलं नाही, सगळ्यांनी तो ओटीत नारळासारखा घेतला. भावाचं कळल्यावर त्या निघेनात. टीव्हीसमोर बसून राहिल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी उठली, नकाशा आला तेव्हा "हिथंच ना?" म्हणून आईला विचारलं, आणि बोटानं पडद्यावर त्या चिंचोळ्या वाटेला हळदकुंकू लावलं. नकाशा गेला. मागोमाग अँकर आला, आणि पुढची सगळी चर्चा तो नाकावर हळदकुंकू घेऊन करत होता. जग संपायला आलंय म्हणून सांगत होता. सवाष्णी पदर तोंडाला लावून हसत होत्या, आईसुद्धा हसली. ते कुंकू पुसायला मात्र तिनं कोणाला हात लावू दिला नाही.

शुक्रवारी सकाळी घट हलवायचा असतो. कलशातलं पाणी तुळशीला घालायचं, तांदूळ डब्यात, संपलं व्रत. आई आंघोळ करून आली आणि देवीसमोर कपभर चहा ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"रातपाळी झाली ना तिची."

घट तिनं हलवला नाही. दुपारी शेजारच्या बायका येऊन सांगून गेल्या की असं ठेवत नाहीत, शास्त्रात बसत नाही, देवीला मोकळं करायचं असतं. आईनं ऐकून घेतलं. "रिलीव्हर आल्याबिगर ड्युटी सोरतात का?" एवढंच म्हणाली. माझा भाऊच तिला हे सांगायचा, इंजिन रूममध्ये दुसरा माणूस आल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नसते.

शुक्रवार कसा गेला ते मला सांगता येणार नाही. ऊन तसंच होतं, खुर्ची तीच होती. हमाल कुंपणापाशी येऊन "आया क्या फोन?" विचारून जायचे. काका आले, बसले, आणि भरतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेत. बाबांनी टीव्ही बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मला भयंकर भीती वाटत होती आणि ती लपवायला आता कारणही उरलं नव्हतं. आम्ही सगळे एकाच खोलीत बसून उघडपणे घाबरत होतो. त्यातल्या त्यात ते बरं होतं. जेवायला वरण-भात होता आणि कोणीच तो संपवला नाही.

शनिवारी दुपारी फोन वाजला. भावाचं नाव बघून बाबांनी तो उचलला आणि त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. महिनाभर जगाच्या युद्धावर अखंड बोललेला हा माणूस फोन हातात घेऊन नुसता मान हलवत होता. मी फोन घेतला. "ताई," भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "निघालो बाहेर. सगळे ठीक आहोत. मागच्या जहाजाला लागलं. आम्हाला नाही. आई जवळ आहे का?"

मी त्याला काही सांगायच्या आत आईनं फोन ओढून घेतला आणि स्पीकर लावला.

"आई!" भावाचा आवाज एकदम बदलला, मोठा आणि मजेतला झाला. "कशी आहेस? आम्ही आफ्रिकेच्या टोकाला आलो बघ. तू म्हणायचीस ना, पाणी उसळतं, तसं काहीच नाही. एकदम शांत. कंटाळा आलाय नुसता."

बाबांनी तोंड उघडलं. आईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"हां का रे," ती म्हणाली. "थंडी असंल लय."

"हो ना. इथे पेंग्विन असतात, माहितीये? काल किनाऱ्यावर दिसले. अख्खी रांग उभी होती."

त्याचा आवाज मधेच एकदा फाटला, मग त्यानं खाकरून नीट केला. आईनं डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाजात त्यातलं काहीही नव्हतं.

"जेवलास का?"

"जेवलो. नाताळाला केक होता. तुमचं काय? तुम्ही काय केलंत?"

"आमी काय करनार," आई म्हणाली. "टीवी बिघारलेला, बातम्या न्हाईत, काय न्हाय. निवांत होतो बघ. पोपटी लावली. तू लांबून गेलास ते बरं केलंस, मना अजिबात घोर नव्हता."

"मग ठीक," भाऊ म्हणाला, आणि त्यानं सोडलेला श्वास आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

मग तो पेंग्विनबद्दल आणखी काय काय सांगत राहिला, ते कसे चालतात, कसे एकमेकांना चिकटून उभे राहतात, आणि आई "हां, हां" करत राहिली. माझी आई त्याच्याकडे जेवणाच्या ताटाचा फोटो मागते, केबिनच्या पंख्याचा मागते, नवीन चपलांचासुद्धा मागते. पेंग्विनचा तिनं मागितला नाही.